पोपट पाळावा कोणता आणि सांभाळावा कसा?

हिवाळा ओसरू लागला की मराठवाड्यात पोपटांच्या विणीचा हंगाम सुरू होतो. जुन्या झाडांच्या ढोलीत किंवा पडक्या गढीच्या भिंतीतील एखाद्या भोकात मादी चार-पाच पांढरी अंडी घालते, साधारण तीन आठवडे ती उबवते आणि पिले सुमारे सात आठवड्यांची झाली की उडू लागतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ पिले चोरणाऱ्यांचाही हंगाम असतो. पुरती पिसेही न फुटलेली पिले ढोलीतून काढली जातात, खोक्यात कोंबून शहराकडे आणली जातात आणि त्यातून जी जगतात ती 'मिठू' या एकाच नावाने कुठल्या तरी घराच्या ओसरीत टांगली जातात. त्यानंतर घरातील माणसे त्याला जीव लावतात, हेही तितकेच खरे. मात्र या मायेखालीच पोपटाचे बहुतेक हाल होतात.

जालना जिल्ह्याचे आणि पोपटाचे नाते तसे दुहेरी आहे. ज्वारी हुरड्यात आली किंवा सूर्यफूल भरू लागले की शेतकरी गोफण घेऊन मचाणावर उभा राहतो, कारण पोपटांचा थवा कणसातले खातो थोडे आणि कुरतडून टाकतो अधिक. डाळिंबाच्या बागांतही हीच कथा. तोच पक्षी शहरात आला की लाडका होतो. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे; तेथील सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथा सप्तशती' या प्राकृत संग्रहात आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या रांगेला पाचू-माणकांच्या कंठ्याची उपमा दिलेली आढळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीलाही पोपट दिसला तो थव्यात. एकट्याने राहणे हा या पक्ष्याचा स्वभावच नाही, आणि त्याच्या संगोपनातील निम्म्या अडचणी येथूनच सुरू होतात.

हिरवा पोपट आणि कायदा

आपल्याकडे सर्रास दिसणारा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कडी असलेला पोपट घरात ठेवणे हा गुन्हा आहे. खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट यांनाही तोच नियम लागू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी पकडणे ही शिकारच मानली जाते. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ मध्ये कायद्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेला कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुरुस्तीपूर्वी दंडाची मर्यादा २५ हजार रुपये होती.

'आम्ही पकडला नाही, विकत घेतला' किंवा 'पिलू झाडाखाली सापडले' हे बचाव कायद्यापुढे टिकणारे नाहीत, कारण बेकायदा पकडलेल्या वन्य पक्ष्याची मालकी शासनाकडे जाते. निळ्या, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचे 'रिंगनेक' विकताना ते परदेशी असल्याचे सांगितले जाते. ग्राहकाने एवढे लक्षात ठेवावे, की कायद्याच्या अनुसूचीत रंगाचा नव्हे, तर जातीचा उल्लेख असतो.

मग पाळता येतो कोणता?

पिंजऱ्यात पैदास झालेले काही परदेशी पोपट कायद्याने पाळता येतात. सर्वाधिक प्रचलित आहे तो बजेरिगर, म्हणजे बजी. आपल्याकडे त्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, पण ते नाव चुकीचे आहे. बजी ऑस्ट्रेलियातील कोरड्या माळरानांचा रहिवासी. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गोल्ड याने १८४० मध्ये तो युरोपात नेला आणि तेथून तो जगभर पसरला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि बराच भांडकुदळ. तिसरा कॉकाटील, ज्याला पक्षीविक्रेते 'कॉकटेल' म्हणतात. हाही ऑस्ट्रेलियाचाच. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली, स्वभावाने मवाळ आणि शीळ घालण्यात तरबेज.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या याद्यांत जगातील जवळजवळ सर्व पोपट आहेत. बजी, कॉकाटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट हे चारच त्याला अपवाद. यापैकी चौथा भारतीय कायद्यामुळे वर्ज्य ठरतो. राहिलेले तीन नवख्यासाठी योग्य. मकाव, कोकाटू, आफ्रिकन ग्रे किंवा इतर जातींचे लव्हबर्ड पाळायचे असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते. नोंदणीचे कागद नसलेला महागडा पक्षी घेण्याच्या मोहात पडू नये.

खरेदीपूर्वी आयुर्मानाचा विचार कुणी करीत नाही. बजी ५ ते १० वर्षे जगतो, कॉकाटील १५ ते २० वर्षे. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला कॉकाटील तो मुलगा नोकरीला लागल्यानंतरही घरातच असतो, आणि तोवर त्याचे दाणापाणी आईकडे आलेले असते.

पिंजरा

बाजारात मिळणारा गोल, घुमटाकार पिंजरा दिसायला देखणा, पण पक्ष्याला निरुपयोगी. पोपट हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उडत नाही, तो आडवा उडतो. म्हणून पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा हवा. बजींच्या जोडीला अडीच ते तीन फूट लांबीचा पिंजरा पुरतो, कॉकाटीलला याहून मोठा लागतो. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी-पक्षी ठेवणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.

पिंजऱ्यासोबत येणारी प्लास्टिकची गुळगुळीत दांडी काढून टाकावी. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. एकाच जाडीच्या दांडीवर वर्षानुवर्षे बसून तळव्यांना घट्टे पडतात व पुढे जखमा होतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या स्वच्छ धुऊन लावाव्यात. पक्षी त्या कुरतडतो आणि महिन्याभरात बदलाव्या लागतात. तो तक्रारीचा विषय नव्हे, कुरतडणे हेच त्याचे काम आहे. नव्या जस्ती जाळीचा पिंजरा व्हिनेगर लावून घासून धुवावा, कारण जस्ताचे कण पोटात गेल्यास विषबाधा होते.

दाणापाणी

पोपटाचा आहार म्हटला की भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि उरलेली पोळी, एवढेच बहुतेक घरांना ठाऊक असते. मिरचीविषयी थोडे सांगायला हवे. मिरची खाल्ली की पोपटाला कंठ फुटतो, या समजुतीला आधार नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, आणि तिच्यात 'अ' व 'क' जीवनसत्त्वे असल्याने ती खाण्यास हरकतही नाही. बोलणे शिकणे हे ऐकण्यावर आणि सोबतीवर अवलंबून असते.

बजी व कॉकाटील यांना राळा (दुकानदार त्याला कांगणी म्हणतात), बाजरी आणि थोडी ज्वारी द्यावी. मात्र नुसत्या दाण्यावर ठेवलेला पक्षी वरून गुबगुबीत दिसतो आणि आतून कुपोषित असतो. सूर्यफुलाच्या बिया त्याला सर्वाधिक आवडतात, पण तेलाचे प्रमाण फार असल्याने त्या रोजचा आहार होऊ शकत नाहीत. अशा पक्ष्यांचे यकृत चरबीने निकामी होते. 'अ' जीवनसत्त्वाची उणीव ही पिंजऱ्यातील पोपटांची नित्याची व्याधी. तिच्यावरचा उपाय मंडईतच आहे: गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. मोड आलेले मूग, कधीमधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा, पेरू किंवा पपईची फोड. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा जाळीत अडकवून ठेवावा. अंड्यावर येणाऱ्या मादीला तो अत्यावश्यक आहे, अन्यथा अंडे अडकून ती दगावते.

दाण्याला सरावलेला पक्षी भाजीला सहसा तोंड लावत नाही. सकाळी भुकेच्या वेळी भाजी आणि नंतर दाणा, हा क्रम काही आठवडे नेटाने पाळावा लागतो. पण उपाशी ठेवून सवय लावण्याचा प्रयत्न करू नये, लहान पक्षी एका दिवसाच्या उपासानेही ढासळतो.

दूध-पोळी देण्याची पद्धत मोडायला हवी, कारण पक्ष्याला दुधातील साखर पचत नाही. चॉकलेट, चहा-कॉफी, खारवलेले पदार्थ, कांदा आणि सफरचंदाच्या बिया देऊ नयेत. अव्होकॅडो हे फळ तर पोपटाला जीवघेणे आहे. पावसाळ्यात शेंगदाणे देणे बंदच करावे, डोळ्यांना न दिसणारी बुरशीही त्यात विष तयार करते.

जालन्याचा उन्हाळा

बजी आणि कॉकाटील कोरड्या देशातून आलेले असले, तरी तेथे त्यांना सावलीकडे आणि पाणवठ्याकडे उडून जाता येते. पिंजऱ्यातला पक्षी आपण ठेवू तेथेच राहतो. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालची किंवा पश्चिमेकडच्या गॅलरीतली जागा दुपारी अक्षरशः भट्टी होते. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची सूचना आहे. अशा वेळी पक्ष्याला गार जागी न्यावे, पाय व पंखांखालचा भाग साध्या पाण्याने ओला करावा, चोचीजवळ पाणी धरावे. बर्फाचे पाणी वापरू नये आणि चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

मार्चपासूनच पिंजरा घरातील सर्वांत गार खोलीत हलवावा. कूलर असल्यास त्याचा झोत थेट पक्ष्यावर येऊ देऊ नये. कूलरचे गवत दर मोसमात बदलावे, कारण कुजलेल्या गवतावरील बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात घर करते. वीज गेल्यावर खिडकीला ओले गोणपाट टांगण्याचा जुना उपाय उत्तम. सकाळी उथळ ताटलीत अंघोळीचे पाणी ठेवावे. पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा बदलावे. शहराला पाणी किती दिवसांआड येते यावर ते अवलंबून ठेवू नये, पक्ष्याला लागते ते वाटीभरच. कापलेली फळे-भाज्या उन्हाळ्यात दोन तासांत काढून घ्याव्यात.

उन्हाइतकाच घातक शत्रू म्हणजे धूर. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतील प्राणवायू अत्यंत कार्यक्षमतेने शोषते आणि त्याच कार्यक्षमतेने विषही. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे, फोडणीचा ठसका यांपासून पिंजरा दूर हवा. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर तापत राहिला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करणे आणि आरशावर कापड टाकणे विसरू नये. झोपेसाठी त्याला १० ते १२ तास अंधार लागतो. रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालणारा हॉल ही त्याची जागा नव्हे.

आजार लपवणारा पक्षी

थव्यात दुबळा दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. 'काल तर चांगला होता' असे मालक सांगतात, तेव्हा तो बहुधा आठवड्यापासून आजारी असतो. यावर घरगुती तोडगा म्हणजे स्वयंपाकघरातील डिजिटल काटा. बजीचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते; आठवड्याला वजन टिपून ठेवले आणि त्यात तीन-चार ग्रॅमची घट दिसली, तर ती दहा टक्क्यांची घट असते आणि डॉक्टर गाठावा लागतो. पिसे फुगवून दिवसाही झोपणे, श्वासागणिक शेपूट वरखाली होणे, शिटेचा रंग किंवा पातळपणा बदलणे ही इतर लक्षणे.

जिल्ह्यातील पशुवैद्यकांचा बहुतेक अनुभव गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो. गुंतागुंतीच्या वेळी रेल्वेने जोडलेल्या परभणीतील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विचार करता येतो. माणसांची प्रतिजैविके पाण्यात मिसळून देण्याचा प्रयोग मात्र टाळावा.

पोपटापासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा संसर्ग विरळा असला तरी गंभीर आहे. वाळलेली शीट झाडूने उडवू नये, ओली करून पुसावी. घरात कुणाला न हटणारा ताप-खोकला असल्यास घरी पोपट आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. अशा साथीच्या काळात पिंजरा कावळे-चिमण्या पोचतील अशा जागी ठेवू नये.

घरी आधीच असलेला मिठू

ज्या घरांत हिरवा पोपट कित्येक वर्षांपासून आहे, त्यांची अडचण खरी आहे. पिंजऱ्यातला कंठवाला पोपट २५ ते ३० वर्षे जगू शकतो. कायद्याची बातमी वाचून एके सकाळी पिंजऱ्याचे दार उघडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत क्रूर मार्ग. वर्षानुवर्षे न उडलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू दुबळे झालेले असतात, त्याला अन्न शोधता येत नाही, मांजर आणि कावळा यांची भीती उरलेली नसते. असा पक्षी फारसा तगत नाही.

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी स्वतःहून संपर्क साधणे शहाणपणाचे. योग्य रीतीने चालणाऱ्या केंद्रात असा पक्षी आधी मोठ्या जाळीच्या दालनात, स्वजातीयांच्या सोबतीने ठेवतात, पंखांत बळ आल्यावरच सोडण्याचा विचार होतो, आणि जो सोडण्याजोगा नसतो तो तेथेच राहतो. पक्षी सोपवताना तो किती वर्षांचा आहे, काय खातो, कोणते आजार होऊन गेले आणि कोणत्या हाकेला ओ देतो, हे कागदावर लिहून द्यावे. पहिले काही दिवस नव्या जागी पोपट बहुधा खात नाही. तेव्हा त्याच्या ओळखीची वाटी आणि ओळखीचा दाणा सोबत दिलेला असला, तर तो लवकर चोच लावतो.