नामदेव जाधव : आधी वाचवले किती?

मरोळच्या वर्गात दुसरं महायुद्ध शिकवताना मुलं विचारतात, "सर, किती मारले?" मग मी नामदेव जाधवांची गोष्ट सांगतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं निमज त्यांचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना सोबतचे बहुतेक जवान पडले. जाधवांनी २ जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मगच परत फिरून एकट्याने मशीनगनची ३ ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पुढे हवालदार झाले. त्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीतच कामी आले. जाधव मात्र १९८४ पर्यंत जगले, पुण्यात वारले. मुलांनो, आधी वाचवले किती, ते विचारा.