दर आठवड्याला दहा शिलिंग

२३ मे १९३७ रोजी ‘हबाना’ नावाचं जहाज साउदॅम्प्टनच्या धक्क्याला लागलं. एरवी सुमारे ८०० प्रवासी नेणाऱ्या या जहाजातून जवळपास ४,००० मुलं आली होती, तीही आईवडिलांशिवाय. सोबत काही शिक्षिका, मदतनीस बाया आणि धर्मगुरू होते. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होऊन दहा-अकरा दिवसच झाले होते, त्यामुळे शहरभर पताका लागलेल्या होत्या. त्या आपल्याच स्वागतासाठी लावल्या आहेत असं आम्हाला वाटलं, असं त्यांतल्या अनेकांनी पुढे म्हातारपणी सांगितलं.

ही मुलं उत्तर स्पेनच्या बास्क प्रांतातली होती. स्पेनमध्ये जुलै १९३६ पासून यादवी युद्ध पेटलं होतं. फ्रँकोच्या बंडखोर सैन्याने १९३७ च्या वसंतात बिल्बाओ शहराची कोंडी केली. समुद्रातूनही नाकेबंदी होती, अन्न मिळेनासं झालं होतं. २६ एप्रिलला, सोमवारच्या बाजारच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे गाव तीन तासांहून अधिक वेळ बॉम्ब टाकून बेचिराख केलं. किती माणसं मेली यावर इतिहासकारांत अजूनही एकमत नाही. गाव बास्क लोकांनीच पेटवलं, असा कांगावा फ्रँकोच्या गोटाने केला. पण जॉर्ज स्टीअर या वार्ताहराचा वृत्तान्त २८ एप्रिलला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आला आणि आकाशातून नागरी वस्तीवर काय कोसळलं होतं ते जगाला कळलं.

ब्रिटिश सरकारची भूमिका तटस्थतेची होती. युरोपातल्या देशांनी १९३६ मध्ये स्पेनच्या युद्धात न पडण्याचा करार केला होता. जर्मनी आणि इटली त्यात सामील होते आणि तो राजरोस मोडतही होते. ब्रिटन मात्र कराराचं बोट सोडायला तयार नव्हतं. मुलांना इथे आणण्याची मागणी झाली तेव्हा पंतप्रधान बाल्डविन यांनी इथलं हवामान त्यांना मानवणार नाही, अशी सबब पुढे केली. गेर्निकानंतर जनमताचा रेटा वाढला आणि सरकारने परवानगी दिली, पण अटी घालून. सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. प्रत्येक मुलामागे आठवड्याला दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड, खर्चाची हमी बास्क मुलांच्या समितीने द्यायची.

या अटीचा हिशोब मांडून पाहावा. ४,००० मुलं म्हणजे आठवड्याला सुमारे २,००० पौंड. युद्ध कधी संपणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

साउदॅम्प्टनजवळ नॉर्थ स्टोनहॅम इथे एका शेतकऱ्याने आपली शेतं वापरायला दिली. आजच्या साउदॅम्प्टन विमानतळापासून ही जागा जवळच आहे. दोन आठवड्यांच्या आत तिथे तंबू उभे राहिले, पाण्याची सोय झाली, स्वयंपाकाची भांडी आली. कामाला स्थानिक स्वयंसेवक होते. तिथून मुलं गटागटाने देशभर गेली. कॅथलिक चर्चने सुमारे १,२०० मुलं घेतली, साल्व्हेशन आर्मीने सुमारे ४००. उरलेल्यांसाठी गावोगावी घरं उघडली. अशी घरं पुढे नव्वदहून अधिक झाली. कुठे क्वेकर पंथीय पुढे आले, कुठे मजूर पक्षाचे कार्यकर्ते, कुठे कामगार संघटना. समितीच्या अध्यक्ष मात्र हुजूर पक्षाच्या खासदार, अ‍ॅथॉलच्या डचेस होत्या. पक्षाच्या परराष्ट्र धोरणाला विरोध करत राहिल्याने अखेर डिसेंबर १९३८ मध्ये त्यांना खासदारकी गमवावी लागली.

यांतलं वेल्समधल्या कार्लियनचं घर मला विशेष महत्त्वाचं वाटतं. दक्षिण वेल्सच्या खाणपट्ट्यात तेव्हा बेकारीने घरं पोखरलेली होती, तरीही खाणकामगारांच्या संघटनेने या घराला आधार दिला. मुलांनी तिथून स्वतःचं छोटं नियतकालिक काढलं, फुटबॉलचा संघ उभा केला. ठिकठिकाणच्या घरांतली मुलं बास्क नाच-गाण्यांचे कार्यक्रम करून आपल्या खर्चाला हातभार लावत. आपल्याकडे देणगी आणि वर्गणी असे दोन शब्द आहेत. देणगी मन हेलावलं की दिली जाते. वर्गणी मन शांत झाल्यावरही द्यावी लागते. ही मुलं वर्गणीवर जगली.

मन शांत होण्याची वेळ लवकरच आली. वृत्तपत्रांत आधी निरागस, दीनवाण्या चेहऱ्यांची छायाचित्रं येत होती. प्रत्यक्षातली मुलं बॉम्बवर्षाव पाहून आलेली होती. वरून विमान गेलं की ती घाबरून जात. १९ जूनला बिल्बाओ पडल्याची बातमी छावणीत ध्वनिक्षेपकावरून सांगितली गेली तेव्हा आकांत उसळला. आपल्या घरच्यांचं काय झालं या विचाराने शेकडो मुलं छावणीबाहेर पळाली. जुलैमध्ये वेल्समधल्या ब्रेक्फा इथे मोठ्या मुलांनी दंगा केला आणि काही वृत्तपत्रांना हवं ते मिळालं. ही मुलं बेशिस्त आहेत, त्यांना परत पाठवा, अशी ओरड सुरू झाली. दुःखी माणसाने दुःखी दिसावं, कृतज्ञ राहावं आणि कोणाला त्रास देऊ नये, ही अपेक्षा तेव्हाही होती. ती पूर्ण झाली नाही तरी जे वर्गणी देत राहिले, त्यांच्यामुळे ही घरं चालली.

या साखळीची एक कडी सोलापूरपर्यंत येते. डॉ. अटल स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम करून आले होते. जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून निघालं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. कोटणीसांची गोष्ट आपल्याला शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्या पथकामागेही स्वतः परतंत्र असलेल्या देशात गोळा झालेली वर्गणी होती, हे मात्र सहसा आठवत नाही.

या सगळ्याने युद्ध थांबलं का? नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये ब्रिटनने फ्रँकोच्या सरकारला मान्यता दिली. बहुतेक मुलं स्पेनला परतली. कोणाचे वडील तुरुंगात होते, कोणाचं घरच उरलं नव्हतं. सुमारे ४०० जण दुसऱ्या महायुद्धानंतरही इथेच होते, त्यांच्यापैकी अनेकांनी इथेच संसार मांडले. नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस जर्मन विमानांनी साउदॅम्प्टनवरच आग ओतली. साडेतीन वर्षांपूर्वी गेर्निका जाळणाऱ्या विमानदलाचीच ही विमानं होती. दूरचं युद्ध दूरच राहील, या हिशोबावर तटस्थतेचं धोरण उभं होतं. तो हिशोब चुकला होता.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दूरच्या युद्धाची छायाचित्रं आज रोज हातातल्या फोनवर दिसतात. ती पाहून वाटणारी हळहळ खोटी नसते, पण ती आठवड्याभरात विरते. १९३७ मधली माणसं आपल्यापेक्षा हळवी होती असं मानायला काही आधार नाही. सरकारने घातलेली एक कठोर अट त्यांनी स्वीकारली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पैसे गोळा केले. शांततेसाठी गावपातळीवर काय करता येतं, याचं बरंचसं उत्तर त्या दहा शिलिंगांच्या जमाखर्चात आहे.