टी-एच : एका जोडीची कुळकथा

मराठी माणसाच्या 'थिंक'ला हसण्याची प्रथा जुनी आहे. जिभेचे टोक दातांशी नेऊन हवा घासत सोडायची, तेथे आम्ही सरळ 'थाळी'तला 'थ' ठेवून देतो. परंतु इंग्रजीत दोन अक्षरे मिळून एकच ध्वनी दाखविणाऱ्या ज्या जोड्या आहेत, त्यांतल्या या टी-एचचे कूळ शोधले, तर आमची बाजू अगदीच लंगडी ठरत नाही.

ही जोडी मुळात रोमनांची. ग्रीकांच्या 'थीटा'चा उच्चार त्या काळी महाप्राण होता, थेट आपल्या 'थ'सारखा. लॅटिनमध्ये तो ध्वनी नव्हता. म्हणून ग्रीक शब्द लिहिताना रोमनांनी टीपुढे एच मांडला. 'त' अधिक 'ह'. हिशेब चोख होता. पुढे ग्रीकांचाच उच्चार बदलून घर्षक झाला, आणि जोडी मात्र तशीच राहिली.

जुन्या इंग्रजीला तिची फारशी गरजच नव्हती. तिच्याजवळ रून लिपीतून घेतलेले 'थॉर्न', म्हणजे काटा, आणि डीला आडवी रेघ देऊन केलेले 'एथ' अशी दोन स्वतंत्र अक्षरे होती. गंमत अशी, की 'थिंक'मधला अघोष आणि 'दॅट'मधला घोष ध्वनी त्यांनी वाटून घेतले नव्हते. लेखनिक हवे ते अक्षर हवे तेथे वापरीत. १०६६ साली नॉर्मन आले. त्यांच्या लॅटिन वळणाच्या लेखनपद्धतीपुढे आधी 'एथ' गेले. 'थॉर्न' तग धरून राहिले, पण लिहिता लिहिता त्याची आकृती वायसारखी होत गेली. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो युरोपातून शिकून आलेल्या विद्येवर; त्या खिळ्यांत 'थॉर्न'ला जागा नव्हती. काही मुद्रकांनी त्याच्याऐवजी वाय लावला. जुनेपणाचा आव आणणाऱ्या पाट्यांवर आज लोक 'यी' वाचतात, तो शब्द खरे तर 'द' आहे. अशा रीतीने दोन अक्षरे गमावलेल्या इंग्रजीत आता दोन ध्वनींना मिळून एकच जोडी उरली, आणि कोठे कोणता ध्वनी हे शिकणाऱ्याने पाठ करायचे! आइसलँडवासीयांनी ही दोन्ही अक्षरे अजून जपली आहेत.

पंडितांनी यात आणखी भर घातली. लंडनच्या नदीच्या नावात एच मुळी नव्हताच. ते भारदस्त दिसावे म्हणून तो मागाहून घुसविला गेला. इंग्रज तिला 'टेम्स'च म्हणत राहिला. आमच्या पुस्तकांतून मात्र ती अजूनही 'थेम्स' होऊन वाहते.