जोडे शिवणाऱ्याचा मुलगा: 'शेवचेन्को' या आडनावाचा इतिहास

युक्रेनमधील सर्वाधिक प्रचलित आडनावांत गणले जाणारे 'शेवचेन्को' हे मुळात कारागिराच्या धंद्यावरून पडलेले नाव आहे. युक्रेनी भाषेत 'श्वेत्स' म्हणजे जोडे शिवणारा, आणि 'एन्को' हा प्रत्यय 'त्याचा मुलगा' या अर्थाने लागतो. तो लागताना 'त्स'चा 'च' होतो. ज्या भारत-युरोपीय धातूपासून 'श्वेत्स' आला, तोच संस्कृत 'सिव्' आणि मराठी 'शिवणे' यांच्याही मुळाशी असल्याने हे आडनाव मराठी कानाला वाटते तितके परके नाही.

लोहाराचा कोवालेन्को, कुंभाराचा होन्चारेन्को, विणकराचा त्काचेन्को अशी या घडणीची नावे द्निप्रो नदीच्या दोन्ही काठांवर दाट आढळतात, तर पश्चिमेकडे 'चुक', 'इशिन' असे वेगळे प्रत्यय भेटतात. झ्बोरिव्हच्या तहाने कोसॅक सैन्याची संख्या 40,000वर मर्यादित केल्यावर 1649 साली जी नोंदवही तयार झाली, तीत 'एन्को'ने संपणारी नावे विपुल आहेत. सरदार-जमीनदारांच्या वंशावळी जपल्या गेल्या. कारागिरांचा इतिहास मात्र बहुधा अशा नावांतच उरला, आणि म्हणून ही नावे इतिहासाची अस्सल साधने मानली पाहिजेत.

हे आडनाव स्त्री-पुरुषांना सारखेच लागते. 1985 ते 1990 या काळात सोव्हिएत युक्रेनच्या सर्वोच्च विधिमंडळाच्या अध्यक्षमंडळाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या वालेंतिना शेवचेन्को आणि 2004 साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा 'बॅलन डी'ऑर' हा सन्मान मिळवणारे आंद्री शेवचेन्को, दोघांचेही आडनाव हेच.

तथापि या नावाला राष्ट्रीय अर्थ आला तो तारास शेवचेन्को यांच्यामुळे. 1814 साली मोरिन्त्सी गावी जन्मलेले तारास भूदास होते, म्हणजे जमिनीबरोबर जमीनदाराच्या मालकीचे. त्यांच्या घराण्याला 'ह्रुशिव्स्की' असेही म्हणत. चित्रकार ब्र्युलोव्ह यांनी कवी झुकोव्स्की यांचे चित्र काढले, त्याची सोडत झाली आणि त्या पैशातून 1838 साली 2,500 रूबल मोजून तारास यांना मुक्त करण्यात आले. दोनच वर्षांनी त्यांचा 'कोबझार' हा संग्रह निघाला. कोबझा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव गाणारा लोकगायक, असा त्या शब्दाचा अर्थ. या काव्याने खेड्यातल्या बोलीला साहित्याच्या भाषेची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय.

1847 साली त्यांना अटक होऊन साधा शिपाई म्हणून हद्दपार करण्यात आले, आणि त्यांना लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाई करणारा शेरा झार पहिला निकोलाय याने शिक्षेच्या हुकुमावर स्वहस्ते लिहिला. त्या शिक्षेची शेवटची वर्षे त्यांनी कॅस्पियन समुद्राकाठच्या नोव्होपेत्रोव्स्क किल्ल्यात काढली. कझाकस्तानातील त्या ठिकाणचे आजचे नाव फोर्ट-शेवचेन्को असे आहे.