'शोभतो' म्हणजे काय? घरी शिवलेल्या स्कर्टचा इतिहास वाचताना

"माझ्या अंगाला कोणता स्कर्ट शोभेल?" घरी ड्रेस शिवायला बसलेली कुणीही बाई हा प्रश्न स्वतःला विचारतेच. पण हा इतिहासाचा प्रश्न होऊ शकतो का? बऱ्याच जणांना वाटतं, नाही. बांधा, आवडनिवड या तर खासगी गोष्टी. शिवणाची जुनी पुस्तकंही तसंच बोलतात: बुटक्या बाईने हे घालावं, कमरेत रुंद असणारीने ते टाळावं. जणू काही हे नियम कायमचे आहेत.

या पोस्टमध्ये आपण १९४० च्या दशकातलं ब्रिटन घेऊ आणि अशा सल्ल्याकडे साधन म्हणून कसं बघायचं ते पाहू. तुमचा विषय कपड्यांचा नसला तरी पद्धत उपयोगी पडेल.

आधी परिस्थिती

१ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. ते १५ मार्च १९४९ पर्यंत चाललं, म्हणजे युद्ध संपल्यावरही जवळजवळ चार वर्षं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं होती, पुढे वाटा कमी झाला. लोकरी ड्रेसला ११ कुपनं लागायची. पैसे वेगळे. घरी शिवायचं म्हटलं तरी सुटका नव्हती, कारण कापडालाही वारावर कुपनं होती आणि त्यांची संख्या कापडाच्या जातीवर आणि पन्ह्यावर ठरायची.

१९४२ मध्ये तयार कपड्यांच्या कटवरही बंधनं आली. एका ड्रेसला जास्तीत जास्त दोन खिसे, पाच बटणं, स्कर्टला सहा शिवणी. चुण्यांची संख्यासुद्धा ठरवून दिलेली. १९४३ मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढली. आहे ते दुरुस्त करा, उसवून नवं करा, हा तिचा सूर.

आता कापड बेतून बघा

इथे वाचन थांबवून कागद-पेन्सिल घ्या. कमर २६ इंच, लांबी २७ इंच, कापडाचा पन्हा ३६ इंच.

सरळ स्कर्टला पुढचा-मागचा असे दोन भाग लागतात. प्रत्येक भाग साधारण २१ इंच रुंद, म्हणजे शेजारी-शेजारी मावत नाहीत. एकाखाली एक बेतायचे. दुमड धरून ६० इंच कापड लागलं. खालचा घेर ४० इंचांच्या आसपास. बाजूला १५ इंचांची पट्टी उरली ती वेगळीच.

आता चार कळ्यांचा स्कर्ट घ्या. आपल्याकडे साडीखालच्या परकराला असतात तशाच कळ्या. शिवणीची दाब धरून कळी वर ८ इंच, खाली २५ इंच. एक सुलटी आणि तिच्या शेजारी एक उलटी ठेवली की दोघी मिळून ३३ इंचांत बसतात. चार कळ्या, कापड तेच ६० इंच, आणि घेर मात्र ९० इंचांच्या वर! शिवणी चारच, म्हणजे सहाच्या आतच. फक्त कापडाची नक्षी एकाच दिशेची नको, नाहीतर कळी उलटी ठेवता येत नाही.

आणि पूर्ण गोल स्कर्ट? दोन अर्धवर्तुळं, प्रत्येकी ६२ इंच लांब. कापड सुमारे १२५ इंच, घेर १९५ इंच. सरळ स्कर्टच्या दुपटीहून जास्त कापड, म्हणजे कुपनंही दुपटीहून जास्त.

हे केल्यावर सल्ला परत वाचा. कळ्यांचा स्कर्ट शोभतो, कारण उभ्या शिवणींमुळे बाई उंच आणि सडपातळ दिसते, असं शिवणाची पुस्तकं सांगतात. ते खोटं असेलच असं नाही. पण तोच स्कर्ट कापड वाया न घालवता चालायला मोकळा घेर देतो. सल्ल्याच्या वाक्यात बाईचा बांधा दिसतो, पन्हा दिसत नाही. तो तुम्हाला शोधावा लागतो.

पण इथेच थांबू नका

"म्हणजे सगळं कापडटंचाईनेच ठरवलं!" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो १९४७ ला टिकत नाही.

१२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियन दिओर यांनी पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. बारीक कंबर, पोटरीपर्यंत लांब, भरपूर घेराचे स्कर्ट. 'न्यू लुक' हे नाव त्याला लगेच चिकटलं. दिओर यांच्यामागे भांडवल होतं मार्सेल बुसाक यांचं, आणि बुसाक कापड उद्योगातले बडे मालक. कापडाचा हिशेब इथेही आहेच. ब्रिटनमध्ये बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष स्टॅफर्ड क्रिप्स यांचा लांब स्कर्टला विरोध होता, कारण कापड निर्यातीसाठी हवं होतं.

तरीही कुपनं सुरू असतानाच बायकांनी तो घेर घरी आणला. जुन्या स्कर्टच्या खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून लांबी वाढवली. सरकार नको म्हणत होतं, कपाटात कापड नव्हतं, आणि तरी त्यांना तो स्कर्ट हवा होता. ही इच्छा टंचाईतून निघत नाही. उलट, सहा वर्षं मोजूनमापून कपडे घातल्यावर 'शोभणं' म्हणजे काय, याचं उत्तरच त्यांच्यासाठी बदललं असावं. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय ती जोडलेली पट्टी समजत नाही.

तुमच्या कामासाठी

सल्ल्याची पुस्तकं, मासिकं, सरकारी पुस्तिका ही सगळी 'असं करावं' सांगणारी साधनं. 'असं केलं गेलं' याचा पुरावा ती एकटी देत नाहीत. त्यांच्या शेजारी दुसरी साधनं ठेवा. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात पेपर पॅटर्नचा मोठा संग्रह आहे. ब्रिटनमध्ये १९३७ ला सुरू झालेल्या मास ऑब्झर्व्हेशनच्या दैनंदिन्या आहेत, त्यांत सामान्य माणसं स्वतःच्या रोजच्या जगण्याबद्दल लिहितात. आणि संग्रहालयातला प्रत्यक्ष कपडा तर आहेच. तो मिळाला तर आधी आतून बघा. उसवलेल्या शिवणीच्या खुणा, वाढवलेली कंबर, जोडलेला तुकडा हे सगळं आतच असतं.

तुमच्या साधनात 'योग्य', 'चांगलं', 'शोभेल असं' हे शब्द आले की तीन प्रश्न विचारा. हे कोण म्हणतंय? ते केल्याने काय वाचतं आणि कुणाचं? आणि ज्यांना सांगितलं, त्यांनी काय केलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा छापील कागदात सापडतात. तिसऱ्यासाठी कपडा उलटा करावा लागतो.