उंबरठ्यावरचे ताट : गोव्यातील सण, स्वयंपाकघर आणि शेजार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. अशा प्रसंगी मी नेवरी, आकाशकंदील आणि शेजाऱ्याकडे पाठवावयाचे ताट यांविषयी बोलणार आहे, हे कळल्यावर संयोजकांना थोडे नवल वाटले असेल. विषय हलका आहे, असे मात्र कोणी समजू नये. गोव्याचा इतिहास आपण सनावळीने शिकलो. १५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकला, १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले, १९६१ साली आपण मुक्त झालो. या सनांमागे जी कागदपत्रे उभी आहेत, ती बहुतेक राज्यकर्त्यांनी लिहिलेली किंवा लिहवून घेतलेली आहेत. ज्यांच्या घरावरून तो इतिहास गेला त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवलेले फारच थोडे. त्यांचा पुरावा शोधावयाचा तर दप्तरखान्यातून उठून स्वयंपाकघरात जावे लागते, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी आपणांस ठाऊकच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली. पुढे १५६० च्या दशकात साष्टी आणि बारदेश यांची पाळी आली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात नेली गेली. फोंडा त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर होता; तो त्यांच्या हाती आला १७६३ साली. देवाबरोबर काही कुटुंबे गेली, काही मागे राहिली आणि ख्रिस्ती झाली. एकाच गावकरीतील, कित्येकदा एकाच घरातील माणसे दोन धर्मांत वाटली गेली. धर्म बदलला, नाव बदलले, वेश बदलला. पण उद्या सकाळी चुलीवर काय शिजणार, हे ठरविणारी बाई तीच होती. हात तोच, पाटा तोच, नारळही त्याच माडाचा.

हे मी कल्पनेने सांगत नाही. याचा पुरावा खुद्द इन्क्विझिशननेच ठेवला आहे. १४ एप्रिल १७३६ रोजी त्याने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणत्या जुन्या चालीरीती पाळू नयेत, याची ती सविस्तर यादी आहे. घराच्या आवारात तुळस लावू नये. लग्नकार्यात विडा-सुपारी, फुले आणि ओव्या यांचे जुने प्रकार करू नयेत. पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये. आणि यादीत एक कलम असे आहे, की ते वाचून मी क्षणभर थबकलो : हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवून मागाहून वरून मीठ घालू नये! एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धर्मन्यायासनाला भाताच्या पातेल्यात मीठ केव्हा पडते याची चिंता लागली होती.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधी वजाबाकी करावी. इन्क्विझिशन आले १५६० साली, हा जाहीरनामा निघाला १७३६ साली. मध्ये १७६ वर्षे गेली. सहा-सात पिढ्यांनंतरही जर भाताच्या मिठावर बंदी घालावी लागत असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे. त्या पावणेदोनशे वर्षांत घराघरांतून भात जुन्याच रीतीने शिजत होता. ज्यांना त्या चाली नष्ट करावयाच्या होत्या, त्यांनीच त्यांची नोंद आपल्यासाठी करून ठेवली. तेव्हा हा जाहीरनामा मी दडपशाहीचा कागद म्हणून तर वाचतोच. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या चिवटपणाचे प्रशस्तिपत्र म्हणूनही वाचतो.

त्या चिवटपणाची सर्वांत गोड खूण म्हणजे नेवरी. देशावर जिला करंजी म्हणतात ती ही. चवथीला गणपतीपुढे नेवरीवाचून नैवेद्य पुरा होत नाही, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरी नाताळात नेवरीवाचून ताट पुरे होत नाही. रव्यामैद्याची पारी, आत खोबऱ्याचे सारण, कातणाने कापलेली नागमोडी कड. कृतीत फरक शोधू गेले तर सारणात सापडेल, आकारात सापडणार नाही. आणखी एक गंमत अशी, की आपण ज्या नेवरीला अस्सल आपली समजतो तिच्यातील काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला आहे. ताट दोन्ही बाजूंनी भरत आले आहे, ते असे.

नाताळच्या ताटातील बाकीच्या पदार्थांची वंशावळ तर जगभर फिरवून आणते. दोदोल हा तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ यांचा पदार्थ. त्याचे सख्खे भाऊ मलाया, इंडोनेशिया आणि श्रीलंका येथे आहेत. १५११ साली मलाक्का पोर्तुगिजांच्या हाती गेले, आणि त्या जलमार्गाने तो आपल्याकडे आला असावा. पेरादाचा पेरू अमेरिकेचा. बेबिंका मात्र गोव्याच्या नावावर आहे. अंड्यांचा बलक, नारळाचा रस, साखर, पीठ आणि तूप यांचा एक थर भांड्यात ओतायचा, झाकणावर सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालींचे निखारे ठेवून तो वरून भाजायचा. तो लाल झाला की त्यावर दुसरा थर. असे सात थर चढवायचे, कोणी त्याहून अधिक चढवितात. आपल्या जुन्या स्वयंपाकात तळणे, उकडणे, भाजणे होते. भट्टीत भाजून फुगविणे आले ते पोदेराबरोबर. पोदेर म्हणजे पाववाला, मूळ पोर्तुगीज शब्द पादेरु. तो माडाची सूर घालून पीठ आंबवीत असे. आमच्या वाड्यावर डिसेंबरात ख्रिस्ती घरांतील बायका बोलिन्यांचे पत्रे भरून पोदेराकडे पाठवीत, आणि त्याचे पाव निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत ते भाजून मिळत. त्या वासाने आम्हां मुलांचे अभ्यासातील लक्ष उडे, हेही इतिहासात नोंदविण्यास हरकत नाही.

या पदार्थांचा एक गुण इतिहासकारांच्या नजरेतून सुटला आहे. ते एकट्याने होत नाहीत. दोदोल तांब्याच्या भाणात तासन्‌तास ढवळावा लागतो. हात थांबला की तळाला लागतो. म्हणून ढवळणारी थकली की शेजारीण पुढे होते. कुलकुलांच्या गोळ्या काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून वळण्यासाठी घरातील सारी पोरे बसवावी लागतात. चवथीच्या आधी आमच्या घरी नेवऱ्यांचा दिवस ठरे. त्या दिवशी वाड्यावरच्या चार घरच्या बायका येत. एक पाऱ्या लाटी, एक भरी, एक कातण फिरवी, एक तळणाशी बसे. दुसऱ्या दिवशी हाच ताफा पुढच्या घरी जाई. याला ना करार होता, ना मजुरी. गावकरी संस्थेच्या जमाखर्चाचे कागद आपण अभ्यासतो; बायकांच्या या हिशेबाचा मात्र एकही कागद नाही, आणि तरी तो कधी चुकल्याचे मी ऐकले नाही.

हातच्या कलेचेही तसेच. दिवाळीला बेळगावकडचे आपले बांधव अंगणात मातीचे किल्ले रचतात; आमच्याकडे पोरे गवत आणि कागद यांचा नरकासुर उभा करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. मग कारीट फोडून अभ्यंगस्नान, आणि नंतर नव्या भाताचे पोहे : दुधातले, ताकातले, गुळातले, रसातले, तिखट. ते खायला शेजाऱ्यांना बोलवायचे, आणि त्यांत ख्रिस्ती शेजारीही आले. आकाशकंदिलासाठी बांबू चिरून कांबी काढायच्या, दोऱ्याने सांधे बांधायचे, खळीने रंगीत कागद डकवायचा. दोन महिन्यांच्या आत हेच सामान, हीच हातोटी पुन्हा कामाला येई. कारण नाताळचे नखेत्र, म्हणजे तारा, ह्याच कांबींचा आणि ह्याच कागदाचा. आमच्या वाड्यावर कांबी चांगल्या तासणारा मुलगा एकच होता. तो दिवाळीत हिंदूंच्या दारी बसे आणि डिसेंबरात ख्रिस्त्यांच्या. नाताळच्या गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून नाचणी पेरून ठेवतात. त्याची मूठभर नाचणी आमच्या कणगीतून जाई.

चवथीच्या माटोळीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. देवाच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, तोरिंगण, चिबूड, आणि रानातली कांगलां, आटकें, माट्टी, कवंडळ, वाघचबको बांधायची ही चाल. कला आणि संस्कृती संचालनालय आता माटोळीच्या स्पर्धा घेते, ते चांगलेच आहे. पण ही रानफळे म्हापशाच्या बाजारात येतात ती डोंगराकडील गावांतून, ज्या हातांना कोणते फळ कोणत्या झाडीत मिळते ते ठाऊक आहे त्या हातांनी. बक्षीस चौकट सजविणाऱ्याला मिळते. मूर्तीची पूजा उघड करणे धोक्याचे होते त्या काळात काही घराण्यांनी कागदावर काढलेला गणपती पुजला, काहींनी पत्रीचा, अशी परंपरा सांगते. अशी पूजा काही घरांत आजही चालते. पेटीत घडी करून ठेवता येईल असा देव आणि झाडपाल्यात मिसळून जाईल असा देव, ही त्या काळच्या गृहस्थांची युक्ती होती.

या साऱ्याचे चित्र मी फार गोड रंगविले तर गुरुजींना ते आवडणार नाही. सोवळ्याची भिंत होती. आमची आजी ख्रिस्ती घरचे शिजवलेले अन्न खात नसे. शेजारची माना, म्हणजे थोरली बहीण, असे आम्ही जिला म्हणत होतो, तिला हे ठाऊक होते. ती आमच्यासाठी बिनअंड्याचा दोदोल वेगळा काढी आणि आजीसाठी केळ्यांचा फणा व नारळ ठेवी. आजी फणा घेई. दोदोल आम्ही मुले खात असू आणि आजी त्या वेळी मुद्दाम देवघरात जाई. यात अपमान नव्हता असे मी म्हणणार नाही. मानाने तो मनात ठेवला असेल तर तिने तो दाखविला नाही, आणि ताट पाठविणे एकाही वर्षी थांबविले नाही. आईच्या पिढीत ती भिंत ढासळली, ती कोणाच्या भाषणाने नव्हे.

नाताळच्या ह्या ताटाला पोर्तुगिजातून आलेला शब्द आहे कोन्सुआद. चवथीच्या ताटाला आमच्याकडे वेगळे नावच नाही. आज दोन्ही ताटांतील पुष्कळसे दुकानातून येते. नेवऱ्या मापून विकत मिळतात, बेबिंका खोक्यात बंद होऊन विमानाने परदेशी जाते. ज्या घरांतील मुले पोटासाठी दूर गेली, तेथे भाण ढवळणार कोण? विकतच्या नेवरीला मी नाक मुरडणार नाही; ती भरणाऱ्याही बायकाच असतात आणि त्यांना तिचे पैसे मिळतात. तथापि नेवऱ्यांच्या दिवशी चार घरच्या बायका जे बोलत, ते कोणत्या दुकानात मिळेल ते मला सांगता येत नाही.

ताट परत करताना ते रिकामे द्यायचे नाही, हा नियम दोन्ही धर्मांत सारखा. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. याला अपवाद एकच, दुखवट्याच्या घराचा. त्या घरी वर्षभर सण नाही, तळण नाही, मग तेथे सणाचे गोड पोचते ते शेजारून. माझे वडील गेले त्या वर्षी चवथीला आणि पुढे नाताळला आमच्या उंबरठ्यावर इतकी ताटे आली, की आईला ती ओळखून परत करण्यासाठी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा लागला. ती सारी घासूनपुसून, रिकामीच, मी घरोघर नेऊन दिली.