नवरीला ढावलो शिकवणाऱ्या सोबतिणी : मानोऱ्याच्या तांड्यांतील लग्नाचा इतिहास

१/१२
मराठी लग्नात वधूवरांच्या पाठीशी कऱ्हा घेऊन उभी राहते ती करवली, आणि नव्या नवरीसोबत सासरी जाते ती पाठराखीण. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. मुली इतक्या लहानपणी सासरी जात, त्या काळात ही सोबत हौसेपुरती नव्हती. तिची गरज होती.

२/१२
वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात नवरीच्या सोबतिणींवर याहून निराळी जबाबदारी असे. निरोपाच्या वेळी नवरीने काय म्हणावे, कोणाच्या गळ्यात पडून कोणते गाणे गावे, हे त्या तिला लग्नाआधी शिकवीत. हा परिसर बंजारा तांड्यांचा. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी याच तालुक्यात आहे.

३/१२
बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा व्यापारी समाज. दख्खनच्या मोहिमांत मोगल फौजांना रसद त्यांनीच पुरवली. १८०३ मध्ये वेलस्ली वऱ्हाडात उतरला आणि गाविलगड पडला, त्या मोहिमेतही इंग्रजी सैन्याच्या धान्याची मदार बंजाऱ्यांच्या बैलांवर होती.

४/१२
पावसाळ्यात वाटा चिखलाने बंद होत आणि तांडा एका जागी स्थिरावे. लग्नांना सवड मिळे ती बहुधा याच दिवसांत. विवाहविधी दीर्घकाळ चालत, आणि नवरीभोवती आई, भावजया, आत्या व मैत्रिणी यांचा राबता असे.

५/१२
पहिले काम सुईदोऱ्याचे. फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी. दोन्हींवर आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचे टाके असत. सुपारीच्या पिशव्या, घागरीखालची चुंबळ हेही हातांनीच सजे. केसांतील घुगरी-टोपली आणि दंडावरचा चूडो ही विवाहितेची खूण. ती चढली की मुलगी परकी झाली.

६/१२
दुसरे काम गळ्याचे. बंजारा नवरी निरोपाच्या वेळी जे शोकगीत गाते त्याला ‘ढावलो’ म्हणतात. ते आपोआप येत नाही. जाणत्या स्त्रिया नवरीला जवळ बसवून त्याची चाल, हुंदक्याची जागा आणि शब्दांची बांधणी शिकवीत. सोबतिणी सुरात सूर मिसळीत, म्हणजे नवरीचा आवाज एकटा पडत नसे.

७/१२
आई, बाप, भाऊ, मैत्रिणी, प्रत्येकाच्या गळ्यात पडून नवरी गाते. याडीची, म्हणजे आईची, माया आठवते. तांड्यापासून तोडल्याचे दुःख मांडते. एरवी वडीलधाऱ्यांपुढे न बोलणाऱ्या मुलीला या काही घटका मनातले सगळे उघडपणे बोलण्याची मुभा असे. तिने काय बोलायचे याची शिदोरी सोबतिणींनी आधीच बांधून दिलेली असे.

८/१२
या आक्रोशाला व्यवहाराचाही आधार होता. गावातल्या मुलीचे माहेर जागचे हलत नसे. तांड्यातल्या मुलीचे माहेर चालते होते. बापाचा तांडा पुढच्या वर्षी कोणत्या वाटेवर असेल, हे सांगणे कठीण. पुन्हा भेट होईल याची खात्री नसलेला तो निरोप होता.

९/१२
अखेरचे गीत ‘हवेली’. सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून नवरी माहेराचे भले चिंतते. ज्या बैलाने साऱ्या समाजाचे पोट भरले, त्याच्याच पाठीवरून मुलगी निरोप घेते. बंजाऱ्यांचा व्यापारी इतिहास याहून थोडक्यात क्वचितच कुठे सांगितला गेला असेल.

१०/१२
१८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि बैलांचा व्यापार बसला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याचा जाच पुढे ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांना सोसावा लागला. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरचे एक जुने इंग्रजी टिपण १८८२ मध्ये छापले गेले. त्याचा लेखक कंबरलेज हा पोलीस अधिकारी होता! ‘गुन्हेगार’ हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

११/१२
तांडे स्थिरावले, शेतीला आणि ऊसतोडीला लागले. माहेर आता एका जागी असते, फोनवर रोज बोलणे होते. वियोगाची धार बोथट झाली, हे चांगलेच झाले. परंतु लग्नही एका दिवसाचे झाले. ढावलो शिकवायला लागणारे निवांत दिवस उरले नाहीत, आणि मांडवात बँड-डीजेचा आवाज चढला.

१२/१२
गोरबोलीला स्वतःची लिपी नाही आणि जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कवड्यांची कांचळी काचेआड शंभर वर्षे टिकेल. ढावलोचे तसे नाही. तो टिकायचा तर लग्नाच्या आधी चार दिवस एखाद्या भावजयीने, आत्याने नवरीला शेजारी बसवून घ्यावे लागेल.